घडी

आमच्या घरी रद्दीचे पैसे येत नाहीत, ही आमच्या सौ.ची जुनी तक्रार आहे. पेपर रोज येतो, महिन्याचं बिल रोख जातं, पण रद्दीवाला दारात आला की पोतं अर्धंच भरतं. बाकीचा पेपर जातो कुठे? तर तो माझ्या हाताखालून जातो. सकाळी चहाबरोबर वाचून झाला की मी त्याची पानं चौकोनी फाडून ठेवतो आणि शनिवारी पिशवीत घालून जवळच्या शाळेत नेतो. तिथे त्यांच्या टोप्या होतात, होड्या होतात, दौती होतात, आणि अलीकडे त्रिकोणाचे सिद्धांतही होतात.

पुण्याची नात फोनवर म्हणाली, "आजोबा, म्हणजे तुम्ही ओरिगामी शिकवता?" मी म्हटलं, "अगं, मी घड्या घालतो." ओरिगामी हा शब्द मला साठी उलटल्यावर भेटला. ओरी म्हणजे घडी घालणं आणि कामी म्हणजे कागद, एवढाच त्या जपानी शब्दाचा अर्थ. शब्द नवा होता, पण हाताला काम जुनंच होतं.

तर मंडळी, आज या कागदाच्या घड्यांचा थोडा इतिहास लिहायचं मनात आहे. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेला माणूस, गणितातला नव्हे. तेव्हा जाणकारांनी सांभाळून घ्यावं. या इतिहासात एक चूक माझीही आहे. ती कुठे तरी लिहून ठेवायची होती, म्हणून तर हा सगळा खटाटोप.

आधी आपला शब्दच बघा. घडी. नवी साडी आणली की ती आधी कोणाला तरी 'घडी मोडायला' देतात. आमच्या सौ.ची निम्मी लुगडी-साड्या शेजारच्या काकूंनी घडी मोडून दिलेल्या आहेत. नोकरी लागली की संसाराची घडी बसते, घरातलं कर्तं माणूस गेलं की ती विस्कटते. आणि घडी म्हणजे वेळसुद्धा. चोवीस मिनिटांची एक घडी, अडीच घड्यांचा एक तास. कापड, संसार आणि वेळ या तिन्हींना मिळून आपण एकच शब्द वापरतो. घडीशी आपलं नातं किती जुनं असेल, याचा अंदाज यावरून यावा.

कागद येण्याच्या आधीपासून आपले हात घड्या घालतच होते. पळसाच्या पानांचा द्रोण बघा. ना सुई, ना दोरा. पानाला चार ठिकाणी चुण्या दिल्या, काडी टोचली, की त्यात वरण राहतं, थेंब गळत नाही. विड्याच्या पानाच्या घड्या घालून त्रिकोण करायचा आणि वर लवंग टोचायची, म्हणजे झाला गोविंदविडा. लग्नात माझी आत्या असे शंभर-शंभर विडे बोलता बोलता करायची आणि सगळे एका मापाचे. तिला त्रिकोणाची व्याख्या विचारली असती तर ती हसली असती. साडीच्या निऱ्या, धोतराचा काष्टा, फेटा, सगळा घड्यांचाच कारभार. मात्र याला कोणी कला म्हटलं नाही. हाताची सवय म्हटलं आणि सोडून दिलं.

आता कागदाकडे येऊ. कागद चीनचा, हे आपण शाळेत शिकतो. पण आमच्या मराठवाड्यात त्याचं एक गाव आहे, हे मात्र शाळेत कोणी सांगत नाही. औरंगाबादहून (आता छत्रपती संभाजीनगर) वेरूळला जाताना दौलताबादचा किल्ला मागे पडला की खुलताबादच्या आधी एक गाव लागतं. नाव कागजीपुरा. शाळेची सहल घेऊन मी त्या रस्त्याने कितीदा तरी गेलो असेन. पोरांचं लक्ष किल्ल्यात नाही तर लेण्यांत, आणि माझं लक्ष पोरं मोजण्यात. मधल्या या गावासाठी कधी गाडी थांबवली नाही. मुहम्मद तुघलकाने १३२७ साली राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली. त्या लवाजम्याबरोबर कागद करणारे कारागीर आले आणि इथेच राहिले, अशी परंपरा सांगतात. चिंध्या कुजवायच्या, कुटायच्या, पाण्यात लगदा करायचा, चाळणीवर एकेक ताव उचलायचा, वाळवायचा आणि घोटून गुळगुळीत करायचा. दौलताबादी कागद, जुन्नरी कागद ही नावं जुन्या मराठी दप्तरांत येतात. तुघलकाची राजधानी काही वर्षांतच दिल्लीला परत गेली. कागद मात्र इथे राहिला. इतिहासात राजाचं नाव मोठं असतं, पण मागे काय उरतं ते बघितलं की अशी गंमत दिसते.

माझ्या वडिलांचा जन्म निजामाच्या राजवटीतला. (आम्ही त्यांना दादा म्हणत असू.) शिक्षण उर्दूत झालं, घरी मराठी, आणि मोडी त्यांच्या वडिलांकडून आलेली. ते मानवतच्या मोंढ्यात एका आडतीवर मुनीम होते. कापसाच्या हंगामात बैलगाड्यांची रांग लागायची, जिनिंगच्या भोंग्यावर गाव उठायचं आणि दादा रात्री कंदिलाशी बसून हिशेब उतरवायचे. कोरा कागद हातात आला की त्यांचं पहिलं काम ठरलेलं. कागद उभा दुमडायचा, नखाने घडी दाबायची आणि उघडायचा. घडीच्या डावीकडे समास, उजवीकडे मजकूर. पट्टी नाही, शिसपेन्सिल नाही. दोन सरळ कडा जुळवून घडी दाबली की सरळ रेघच मिळते, हे त्यांना ठाऊक होतं. मी एकदा पट्टीने समास आखून दिला, तर म्हणाले, "कागदातच रेघ आहे रे. ती फक्त काढून घ्यायची."

हे वाक्य मला समजायला साठ वर्षं लागली.

होडी मला कोणी शिकवली ते आठवत नाही. तुम्हालाही आठवत नसेल, विचारून बघा. पहिल्या पावसात गल्लीतून पाणी वाहायला लागलं की सगळी पोरं होड्या घेऊन हजर. होडी, विमान, टोपी, शाईची दौत, भिरभिरं, आणि चार टोकांत बोटं घालून उघडझाप करायचं ते एक. या गोष्टी पुस्तकातून आलेल्या नाहीत. मोठ्या पोराकडून लहान पोराकडे, या हातातून त्या हातात आल्या. मध्ये कोणी गुरुजी नव्हते.

गुरुजी मध्ये आले की काय होतं, ते आता सांगतो.

मी १९७४ साली नोकरीला लागलो. बाहत्तरचा दुष्काळ ओसरून फार दिवस झाले नव्हते. खडी फोडून आलेल्या आईबापांची पोरं वर्गात बसत. माझे विषय मराठी आणि इतिहास. पण खेड्यातल्या शाळेत गणिताचा शिक्षक मिळेना, म्हणून सातवीची भूमिती माझ्या गळ्यात पडली. रात्री मी स्वतः गाइड वाचायचो आणि सकाळी वर्गात ते म्हणून दाखवायचो. ज्याला विषय नीट येत नाही तो शिक्षक फार कडक असतो, हे मी अनुभवाने सांगतो.

एक दिवस रेषाखंडाचे तीन समान भाग करायचे होते. फळ्यावर मी कंपासने कंस काढले, समांतर रेषा काढल्या, घामाघूम झालो. मग पोरांना वहीत करायला सांगितलं. मागच्या बाकावर एक मुलगा होता. हुशार होता, पण त्याच्याकडे कंपासपेटी नव्हती. त्याने वहीचं पान फाडलं, त्याची लांब पट्टी केली, आणि पट्टी 'एस' या इंग्रजी अक्षरासारखी सैल वळवली. कडा जुळेपर्यंत ती पुढे-मागे सरकवली, मग तळहाताने दाबली. उघडली तर तीन सारखे भाग. ते त्याने रेघेला लावले, दोन खुणा केल्या आणि सगळ्यांच्या आधी वही घेऊन माझ्यासमोर आला.

मी विचारलं, "कंस कुठे आहेत?" त्याने पट्टी दाखवली.

मी त्याला मारलं. वहीचं पान फाडलं म्हणून मारलं, असं मी तेव्हा वर्गाला सांगितलं. कागदाची टंचाई होतीच, त्यामुळे ते खरंही वाटलं. पण खरं कारण वेगळं होतं. मला अर्धा तास लागला होता आणि त्याला अर्धं मिनिट. वर म्हणालो, "ही भूमिती नव्हे, ही हातचलाखी." पट्टीचा चुरगळा करून खिडकीबाहेर टाकला. तो जागेवर जाऊन बसला. त्यानंतर वर्षभरात त्याने माझ्या तासाला हात वर केला नाही. पुढच्या वर्षी तो शाळेतच नव्हता. घरची माणसं कामासाठी बाहेरगावी गेली, असं कळलं. एका थपडेने शाळा सुटली असं मी म्हणत नाही. शाळा गरिबीने सुटली. पण सुटायच्या आधी जी एक गोष्ट त्याला येत होती, ती 'येणं नव्हे' असं त्याला मी सांगितलं होतं.

यातली शरमेची बाब पुढेच आहे. मी बी.एड. झालेला होतो. परीक्षेत फ्रोबेलवर टीप होती आणि मी ती भरभरून लिहिली होती. फ्रेडरिक फ्रोबेल हा जर्मन शिक्षक. त्याने १८३७ साली ब्लांकेनबुर्ग या गावी लहान मुलांसाठी एक संस्था काढली आणि १८४० साली तिला किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, असं नाव दिलं. मुलांना खेळायला त्याने चेंडू, ठोकळे दिले, त्यांना 'देणग्या' म्हणायचं. आणि हाताला 'व्यवसाय' दिले, त्यात कागदाच्या घड्या होत्या. चौकोनी कागद दुमडता दुमडता मुलाला अर्धा, पाव, कोन, कर्ण हे सगळं हाताने कळावं, अशी त्याची कल्पना. हे सगळं मी लिहिलं, गुण मिळवले, आणि दोन वर्षांनी तेच करणाऱ्या पोराला मारलं. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी मांडलेली नई तालीम, हाताच्या कामातून शिक्षण, त्यावरही मला प्रश्न आला होता. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या. महागडी परदेशी साधनं बाजूला ठेवून शंखशिंपले, बिया, पानं घेऊन त्यांनी आदिवासी मुलांना शिकवलं. हेही पाठ होतं. पाठ असणं आणि कळणं यांत केवढं अंतर आहे पाहा.

गंमत अशी की ज्या जपानच्या नावाने आपण ही कला ओळखतो, त्या जपानलाही फ्रोबेल भेटलेला आहे. जपानची स्वतःची परंपरा जुनीच. कागदाचे करकोचे घडवण्यावरचं त्यांचं पुस्तक १७९७ साली छापलेलं आहे. पण १८७६ साली तोक्योत सरकारी बालवाडी निघाली ती फ्रोबेलच्या पद्धतीची, आणि तिच्याबरोबर जर्मन घड्याही जपानी घड्यांत मिसळल्या. म्हणजे शुद्ध अमुक देशाची कला असं काही नसतं. होडी जशी गल्लीतून गल्लीत जाते, तशी कलाही जाते.

आणि हीच फ्रोबेलची पेटी मद्रास इलाख्यातल्या एका सरकारी अधिकाऱ्याच्या हातात पडली. त्यांचं नाव टी. सुंदर राव. इंग्रजी पुस्तकावर 'रो' असं छापलेलं आहे, पण आपण सुंदररावच म्हणू. महसूल खात्यात डेप्युटी कलेक्टर. दिवसभर जमाबंदी, सारा, अर्ज, तंटे. आणि मोकळ्या वेळात कागदाच्या घड्या! १८९३ साली त्यांनी मद्रासला एक पुस्तक छापलं: कागदाच्या घड्यांतून भूमितीचे पाठ. प्रस्तावनेत ते सरळ सांगतात की कल्पना किंडरगार्टनच्या आठव्या देणगीवरून सुचली. रंगीत कागदाचे दोनशे चौकोन, घडी दाबायची एक पट्टी आणि सूचना, एवढा त्या देणगीतला ऐवज. सुंदररावांनी त्यातून साधा चौकोन उचलला आणि समभुज त्रिकोण, पंचकोन, षट्कोन, अष्टकोन करत करत थेट कॉलेजातल्या वक्ररेषांपर्यंत गेले. हत्यार काय, तर एक चाकू आणि कागदाचे कपटे. कंपासपेटी नाहीच.

त्या काळी मद्रासला छापलेलं पुस्तक किती लांब जावं? जर्मनीचे नावाजलेले गणिती फेलिक्स क्लाइन यांनी १८९५ साली आपल्या पुस्तकात त्याचा उल्लेख केला. तो वाचून बेमन आणि स्मिथ या दोन अमेरिकन प्राध्यापकांनी मूळ पुस्तक मिळवलं आणि १९०१ साली शिकागोहून त्याची नवी आवृत्ती निघाली. १९६६ साली ते पुन्हा अमेरिकेत छापलं गेलं. म्हणजे मी वर्गात त्या मुलाची पट्टी चुरगळत होतो, तेव्हा एका भारतीय माणसाचं, नेमकं त्याच विषयावरचं पुस्तक ऐंशी वर्षांचं झालेलं होतं. अमेरिकेतल्या शिक्षकाला ते मिळत होतं. माझ्यापर्यंत ते आलं नाही. मीही शोधलं नाही, हेही खरं.

मला सुंदरराव भेटले ते निवृत्तीनंतर, अरविंद गुप्तांमुळे. आय.आय.टी.त शिकलेला हा इंजिनिअर नोकरी सोडून मुलांसाठी कचऱ्यातून खेळणी करत बसला. २००३ ते २०१४ पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांचं काम होतं. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर पुस्तकांचं भांडार फुकट खुलं आहे. मुलाने संगणक लावून दिला आणि म्हणाला, "अण्णा, बसा वाचत." त्या भांडारात हिंडताना हे पुस्तक समोर आलं. इंग्रजी मला बेताचं. पण आकृत्या होत्या, आणि हाताशी कालचा पेपर होता.

पहिल्या काही पानांतच चौकोनातून समभुज त्रिकोण होतो. चौकोन मधोमध उभा दुमडून उघडायचा. मग खालचा एक कोपरा उचलायचा आणि दुसरा कोपरा पक्का धरून, उचललेलं टोक मधल्या घडीवर टेकवायचं. जिथे टेकलं तिथे त्रिकोणाचं शिखर. का? कारण उचललेली कड चौकोनाच्या बाजूएवढीच आहे, ती कुठे जाणार! मी ती घडी घातली आणि दादांचा आवाज ऐकू आला. कागदातच रेघ आहे रे. डोळ्यांत पाणी आलं म्हणालो तर पोरं हसतील, पण आलं.

आता थोडं अवघड, पण सोडू नका. कंपास आणि पट्टी घेऊन रेषाखंडाचे तीन भाग होतात. कोणत्याही कोनाचे तीन समान भाग मात्र होत नाहीत. कितीही हुशार माणूस असो, होणारच नाहीत, हे व्हांत्सेल या फ्रेंच गणितज्ञाने १८३७ साली सिद्ध केलं. (फ्रोबेलच्या ब्लांकेनबुर्गचंही तेच साल!) सुंदररावांनी घड्यांनी कोनाचे तीन भाग केले, पण ते अंदाजे. घनमूळ घड्यांनी निघणार नाही असाच त्यांच्या लिहिण्याचा सूर आहे. इथे ते चुकले. १९३६ साली मार्गारिटा बेलोक या इटालियन बाईंनी दाखवून दिलं की एका विशिष्ट घडीने, म्हणजे दोन बिंदू एकाच वेळी दोन रेघांवर टेकवणाऱ्या घडीने, घनमुळं निघतात. त्याच घडीने कोनाचे तीन भागही अचूक होतात.

याचा अर्थ काय, तो मी पुष्कळ दिवस घोळवत बसलो. कंपासपेटीने जे कधीच होऊ शकत नाही, ते नुसत्या कागदाने होतं. ज्या मुलाकडे कंपासपेटी नव्हती, त्याच्या हातात त्या दिवशी माझ्या हातातल्या साधनापेक्षा मोठं साधन होतं. आणि आमच्या दोघांनाही ते माहीत नव्हतं.

कोणी म्हणेल, त्याने पट्टी सरकवून सरकवून जुळवली, ती काही सिद्धता नव्हे. बरोबर आहे. मीही स्वतःला हेच सांगून पाहिलं. पण चांगल्या शिक्षकाने काय केलं असतं? "वा! आता न सरकवता, एका फटक्यात करता येतं का बघ," म्हणाला असता. आणि ते येतं. काझुओ हागा नावाच्या जपानी प्राध्यापकांनी दाखवलं आहे, आणि विषय त्यांचा जीवशास्त्र! एक चौकोनी कागद घ्या. वरच्या कडेचा मध्यबिंदू चिमटीने खूण करून घ्या. आता खालचा उजवा कोपरा उचलून बरोबर त्या खुणेवर टेकवा आणि घडी दाबा. कागदाची खालची कड आता तिरकी होऊन डाव्या कडेला छेदते. जिथे छेदते, तिथे खूण करा. तो बिंदू डाव्या कडेवर खालून बरोबर एक तृतीयांश उंचीवर येतो. अंदाजे नव्हे, बरोबर. उजवीकडे वर एक लहान काटकोन त्रिकोण तयार होतो, त्याच्या बाजू तीन, चार, पाच या प्रमाणात असतात. पायथागोरस पेपरच्या कपट्यात येऊन बसलेला असतो. करून बघा, लेख पुढे वाचायची घाई नाही.

असो. त्या मुलाची गोष्ट पुरी करतो.

पाच-सहा वर्षांपूर्वी मानवतच्या मोंढ्यापलीकडे मी धान्याची कोठी घ्यायला गेलो होतो. पत्र्याचं काम करणारा माणूस साठीच्या घरातला. त्याने मला आधी ओळखलं. "गुरुजी ना तुम्ही?" असं म्हणून दुकानातली एकुलती एक खुर्ची पुसून दिली. चहा सांगितला. बोलता बोलता मला हवं ते माप विचारलं, आणि पत्र्याला हात लावण्याआधी वर्तमानपत्राचं पान घेतलं. ते दुमडलं, कोपरे आत घातले, कडा वळवल्या. मिनिटभरात कोठीच्या झाकणाचा लहान नमुना माझ्या हातात. "आधी कागदावर बघतो गुरुजी. कागद चुकला तर चार आणे, पत्रा चुकला तर हजार रुपये."

मी नमुना हातात घेऊन बसलो. चहा गार झाला. शेवटी म्हणालो, "मी तुला एकदा मारलं होतं. पट्टीवरून."

त्याने थोडा वेळ आठवून बघितलं. मग म्हणाला, "मार काही ध्यानात नाही गुरुजी. तेव्हा मास्तर मारायचेच. कंपासपेटी नव्हती, ते मात्र ध्यानात हाय."

माझी चूक मला जेवढी मोठी वाटत होती तेवढी त्याच्या आयुष्यात नव्हती, हे ऐकून हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कारण त्याला जे लक्षात राहिलं होतं, ते माझ्या थपडेहून वाईट होतं. भूमिती ही कंपासपेटीवाल्यांची असते, एवढंच तो शाळेतून घेऊन गेला. उरलेली भूमिती तो चाळीस वर्षं पत्र्यावर करत आला होता, आणि तिला कोणी भूमिती म्हणतं हे त्याला सांगायला कोणी नव्हतं. माझ्या आत्याच्या विड्यांसारखंच.

मी खिशातला कागद काढला, चौकोनी फाडला आणि त्याला हागांची घडी दाखवली. त्याने एकदाच बघितली. मग आपली पोलादी पट्टी लावून तिसरा भाग तपासला, आणि असा हसला की मला सातवीतला मुलगा दिसला. "हे तवाच सांगायचं ना गुरुजी," म्हणाला. मी म्हटलं, "तेव्हा मलाच येत नव्हतं." एवढं बोलायला मला इतकी वर्षं लागली.

तेव्हापासून शनिवारची पिशवी सुरू झाली. शाळेतल्या बाई चांगल्या आहेत, एक तास देतात. सगळ्यांकडे आता कंपासपेट्या आहेत, तरी मी पहिल्यांदा त्या दप्तरात ठेवायला लावतो. कागद सगळ्यांचा सारखा, कालचाच पेपर. कोणाचा त्रिकोण वाकडा आला तर मी खोडत नाही, उघडायला सांगतो. कागदाचं हे बरं असतं. चुकलेली घडी उघडून पुन्हा घालता येते. खूण राहते, पण कागद कामातून जात नाही.

माणसांच्या बाबतीतही थोडंफार असंच असावं, अशी आशा करायची.

ती कोठी आमच्या स्वयंपाकघरात आहे. झाकण अजून घट्ट बसतं. कागदाचा तो नमुना मी मागून आणला, तो माझ्या कपाटात आहे. आमच्या सौ.ला बजावून ठेवलं आहे, बाकी सगळी रद्दी घाल, पण ह्याची घडी मोडू नकोस.

तुमच्या घरी होडी कोणी कोणाला शिकवली, हे आठवत असेल तर जरूर कळवा.